बनावट अश्लील फोटो फिरू लागला तर: पुरावा, हटवणं आणि एफआयआर यांचा योग्य क्रम

चेहरा तुमचा, शरीर दुसऱ्या कुणाचं किंवा ॲपने रचलेलं. असा फोटो फिरतोय हे कळलं की बहुतेक जण पहिल्या तासाभरात तीन गोष्टी करतात: पोस्ट रिपोर्ट करतात, ग्रुप सोडतात आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला फोन लावतात. तिन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, पण तिन्हींमुळे पुरावा हातातून जातो. पोस्ट उडते आणि लिंक कुणाकडेच उरत नाही. ग्रुप सोडून चॅटही डिलीट केला की फोटो कोणत्या नंबरवरून आला ते दाखवता येत नाही. आणि ज्याला फोन केला तो सावध होऊन खातं बंद करतो.

फोटो इंटरनेटवरून हटवणं आणि तो पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फेसबुक, इन्स्टाग्राम, टेलिग्रामसारख्या कंपन्यांकडून करून घ्यायचं, दुसरं पोलिसांकडून. एकासाठी दुसरं थांबवायचं नाही. पुरावा मात्र दोन्हींच्या आधी.

## सुरुवातीलाच: वय १८ च्या आत आहे का?

फोटोतला चेहरा अल्पवयीन मुलीचा किंवा मुलाचा असेल तर खालचा पुरावा गोळा करण्याचा टप्पा तुमच्यासाठी नाही. स्क्रीनशॉट काढू नका, ‘बघ हे काय आलंय’ म्हणून नवऱ्याला, बहिणीला किंवा वर्गशिक्षकांना पाठवू नका. पोक्सो कायद्यातल्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) व्याख्येत २०१९ च्या दुरुस्तीनंतर संगणकाने तयार केलेल्या आणि फेरफार केलेल्या प्रतिमाही येतात. म्हणजे ‘फोटो खोटा आहे’ म्हणून कुणी सुटत नाही. पण असा फोटो जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं हाही याच कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि चांगल्या हेतूने फॉरवर्ड करणारे पालक इथेच अडकतात.

लिंक, खात्याचं नाव आणि वेळ कागदावर लिहा. ज्या फोनवर फोटो आला तो तसाच घेऊन पोलीस ठाण्यात जा, किंवा १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण आपसात मिटवण्याचा सल्ला कुणी देत असेल तर त्यांना पोक्सोचं कलम १९ दाखवा. माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच त्या कायद्याखाली गुन्हा आहे.

पुढचं सगळं १८ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी.

## टप्पा १: मदतीला एक माणूस, नोंदीला एक वही

स्वतःचा असा फोटो पुन्हा पुन्हा उघडून स्क्रीनशॉट काढत बसणं कुणालाही झेपणारं नाही. विश्वासातला एकच माणूस निवडा आणि हे काम त्याच्यावर सोपवा. एकच, कारण पाच जणांनी मिळून गोळा केलेला पुरावा पाच फोनमध्ये विखुरतो आणि कोर्टात प्रत्येक फोनचा हिशेब द्यावा लागतो.

वहीत तारीख आणि वेळ टाकून लिहीत जा: फोटो कुठे दिसला, कुणी कळवलं, लिंक काय, तक्रार कुठे केली, तक्रार क्रमांक काय मिळाला. ही वही कंटाळवाणी वाटेल. चार महिन्यांनी तपास अधिकारी बदलला की तिची किंमत कळते.

## टप्पा २: पुरावा जपणं

एकट्या फोटोचा स्क्रीनशॉट हा जवळजवळ निरुपयोगी पुरावा आहे. फोटो अस्तित्वात आहे एवढंच तो सांगतो. कुणी, कुठे आणि कधी टाकला हे त्यातून कळत नाही. म्हणून या क्रमाने जा.

१. पोस्टची लिंक. ‘कॉपी लिंक’ करून वहीत आणि एका मेलमध्ये चिकटवा. स्क्रीनशॉटमध्ये अर्धवट दिसणारी लिंक चालत नाही, पूर्ण लिंक मजकुराच्या रूपात हवी.

२. खात्याचं प्रोफाइल. दिसणारं नाव नव्हे, @ च्या पुढचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक. दिसणारं नाव पाच सेकंदांत बदलता येतं. युजरनेमही बदलता येतं, म्हणून त्याची नोंद तारखेसकट करा.

३. पूर्ण पडदा. तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग: प्रोफाइल उघडा, खाली सरका, पोस्ट उघडा, कमेंट दाखवा. सलग रेकॉर्डिंगवर ‘हे जोडजाड केलंय’ असा आरोप करणं अवघड जातं.

४. व्हॉट्सॲपवर आलं असेल तर पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर दिसेल असं माहितीचं पान उघडून स्क्रीनशॉट घ्या. तुमच्या फोनमध्ये तो नंबर ‘पिंट्या’ म्हणून सेव्ह असेल तर चॅटमध्ये फक्त ‘पिंट्या’ दिसणार. ग्रुप असेल तर ग्रुपचं नाव, ॲडमिन आणि सदस्यांची यादीही घ्या. ग्रुप त्यानंतर सोडा. एकदाच उघडणारा फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा.

५. मूळ फोटो शोधा. ही पायरी बहुतेक सगळे विसरतात. चेहरा कुठून तरी उचललेला असतो. तुमचा कोणता फोटो वापरला ते ओळखा आणि तो कधी, कुठे टाकला होता आणि कुणाला दिसत होता ते लिहा. फोटो खोटा असल्याचा सगळ्यात साधा पुरावा म्हणजे मूळ आणि बनावट शेजारी शेजारी ठेवणं. शिवाय मूळ फोटो फक्त चाळीस जणांच्या खाजगी खात्यावर किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर असेल तर संशयितांची यादी आपोआप छोटी होते.

> सावधान: फोटो ‘एआय’चा आहे का हे तपासून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर तो चढवू नका. एक तर तो आणखी एका ठिकाणी पोहोचतो. दुसरं, ‘९३ टक्के बनावट’ असा आकडा देणारं तिथलं उत्तर कोर्टात पुरावा म्हणून उभं राहत नाही. बनावटपणा तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणं हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम.

फाइल एका फोनमधून दुसरीकडे नेताना व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, फाइल बदलते आणि तिचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, जुळत नाही. पेनड्राइव्ह वापरा. आणि ज्या फोनवर फोटो पहिल्यांदा आला तो विकू नका, रिसेट करू नका.

कारण कायद्याचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश नोंदवायचा. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-बी होतं. मूळ उपकरण हजर केलं नाही तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात स्पष्ट केलं. पहिल्या दिवशी तक्रार द्यायला प्रमाणपत्र लागत नाही. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे.

पुढे जाण्याआधी तपासा: लिंक मजकुरात आहे? युजरनेम किंवा नंबर आहे? तारीख-वेळ आहे? मूळ फोटो सापडला? चारही असतील तर पुढे जा. मूळ फोटो सापडत नसेल तर त्यासाठी थांबू नका.

## टप्पा ३: फोटो हटवायला लावणं

कंपन्यांना बांधणारा नियम म्हणजे माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधला ३(२)(ब). नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर, तसंच एखाद्याचं रूप घेऊन केलेल्या, फेरफार केलेल्या प्रतिमा यांबद्दल स्वतः त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली तर कंपनीने तो हटवायचा. मूळ नियमात यासाठी २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ मधल्या दुरुस्तीने ती आणखी आवळली. या प्रकारात कोर्टाचा आदेश लागत नाही. ‘न्यायालयाचा आदेश पाठवा’ असं छापील उत्तर आलं तर याच नियमाचा क्रमांक लिहून परत मेल करा.

चुका दोन ठिकाणी होतात.

पहिली, प्रकार निवडताना. फोटो खोटा आहे म्हणून लोक ‘खोटी माहिती’ हा पर्याय निवडतात आणि तक्रार भलत्याच रांगेत जाते. ‘नग्नता’ किंवा ‘परवानगीशिवाय खाजगी फोटो’ हाच पर्याय निवडा.

दुसरी, फक्त रिपोर्टचं बटण दाबून थांबणं. कंपनीने भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याचा मेल किंवा फॉर्म त्यांच्या साइटवर असतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा: लिंक, ‘यातला चेहरा माझा आहे, संमती दिलेली नाही’ हे वाक्य आणि नियमाचा क्रमांक. तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत. मैत्रिणींकडून दोनशे रिपोर्ट मारून घेण्यापेक्षा ही एक मेल जास्त चालते.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं (जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन). शुल्क नाही, वकील लागत नाही.

याशिवाय तीन मार्ग आहेत:

- स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग. इथे फोटो चढवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्याचा हॅश तयार होतो आणि फक्त तो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. बनावट फोटोही चालतात. मिळालेला केस नंबर आणि पिन जपून ठेवा. कापलेली किंवा बदललेली आवृत्ती दिसली तर तिचा हॅश वेगळा द्यावा लागू शकतो.
- गुगल सर्च. बनावट अश्लील प्रतिमा शोधनिकालांतून काढायचा वेगळा फॉर्म आहे. यामुळे फोटो मूळ साइटवरून जात नाही, तुमचं नाव टाकल्यावर दिसणं थांबतं. लग्नाच्या किंवा नोकरीच्या चौकशीत तेवढंही पुष्कळ असतं.
- कॉपीराइटची नोटीस. परदेशी साइट भारतीय नियमांना दाद देत नसेल आणि चेहरा तुम्ही स्वतः काढलेल्या सेल्फीतून उचललेला असेल तर त्या सेल्फीचा कॉपीराइट तुमचा आहे. पण नोटिशीतलं नाव-पत्ता समोरच्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून ती वकिलामार्फत द्या.

> सावधान: ‘पैसे द्या, सगळीकडून फोटो काढून देतो’ म्हणणाऱ्या खाजगी ‘सायबर एक्स्पर्ट’च्या हाती फोटो देऊ नका. तुम्हालाच ब्लॅकमेल करणारा आणखी एक माणूस तयार होण्याची शक्यता मोठी.

## टप्पा ४: कलमं, आणि ‘बदनामी’ या शब्दाचा घोळ

अशा फोटोंसाठी भारतात एकच स्वतंत्र कायदा नाही. कलमं दोन-तीन कायद्यांतून जमवावी लागतात आणि तक्रार कमजोर होते ती इथेच.

लोक अर्जात पहिलं वाक्य लिहितात: ‘माझी बदनामी झाली आहे.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस त्यावर थेट एफआयआर करत नाहीत. ठाणे अंमलदार त्या एका शब्दावर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करतो आणि तुमची बोळवण होते. अर्जाचा कणा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० वर ठेवा:

- कलम ६७: अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं. पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.
- कलम ६७-ए: लैंगिक कृती दाखवणारा मजकूर असेल तर. ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड. अजामीनपात्र.
- कलम ६६-सी आणि ६६-डी: तुमच्या नावाने खातं उघडलं असेल, तुमचं रूप घेऊन फसवणूक केली असेल तर.

या तिन्हींत पीडित स्त्री असो वा पुरुष, फरक पडत नाही. दखलपात्र असल्याने एफआयआर होतो. ‘पाठवणं’ यात व्हॉट्सॲप फॉरवर्डही आलं. मात्र ग्रुप ॲडमिन आहे एवढ्यावरून कुणी आरोपी होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये समान हेतू दाखवल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही असं सांगितलं. रागाच्या भरात ॲडमिनचं नाव आरोपी म्हणून घालू नका, साक्षीदार म्हणून घाला.

न्याय संहितेतून जोड: पैसे किंवा आणखी फोटो मागून धमकी आली असेल तर खंडणीचं कलम ३०८, पाठलाग असेल तर ७८, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान म्हणून ७९, प्रतिष्ठेला बाधा आणण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक दस्त म्हणून ३३६(४).

एक सापळा इथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि न्याय संहितेचं कलम ७७ ही नावं पहिल्यांदा सुचतात, पण ती प्रत्यक्ष व्यक्तीच्या खाजगी अवयवांचं किंवा क्षणांचं चित्रण धरून लिहिलेली आहेत. शरीर तुमचं नाहीच, तेव्हा फक्त त्यांच्यावर उभा केलेला खटला पोकळ ठरू शकतो. ती जोडायला हरकत नाही, पण पाया ६७ आणि ६७-ए चाच.

अर्ज मराठीत, एका पानाचा, साधा. असा:

*‘दिनांक … रोजी सुमारे … वाजता … या व्हॉट्सॲप ग्रुपवर … या क्रमांकावरून एक छायाचित्र प्रसारित झाले. त्यातील चेहरा माझा असून तो मी दिनांक … रोजी माझ्या … खात्यावर टाकलेल्या छायाचित्रातून घेतलेला आहे. शरीर माझे नाही. असे छायाचित्र तयार करण्यास अथवा पाठवण्यास मी कोणासही संमती दिलेली नाही. हे अश्लील छायाचित्र इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित करणाऱ्या अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदवावा, ही विनंती.’*

संशयित माहीत असला तरी ‘अज्ञात’ लिहा आणि संशयाचं कारण वेगळ्या परिच्छेदात द्या. नाव ठामपणे घातलं आणि नंबर दुसऱ्याचाच निघाला तर तपास तिथेच गोंधळतो.

## टप्पा ५: पोर्टल आणि पोलीस ठाणं

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रारही करता येते, पण पुढे काय झालं ते निनावी तक्रारीत कळत नाही. तुम्हीच पीडित असाल तर नाव देऊन करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. ब्लॅकमेलमध्ये पैसे पाठवून झाले असतील तर तो लगेच लावा.

पोर्टलची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. अनेक जण पोच घेऊन महिनाभर वाट पाहतात. पोच छापून घ्या आणि ठाण्यात जा.

ठाण्यात काय ऐकायला मिळतं आणि काय उत्तर द्यायचं:

- *‘आमच्या हद्दीत येत नाही.’* भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवावीच लागते. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेला एफआयआर, मागा.
- *‘सायबरला जा.’* सायबर ठाण्यात जाणं सोयीचं असेल तर जा, पण स्थानिक ठाणं नोंद नाकारू शकत नाही.
- *‘इन्स्पेक्टर साहेब नाहीत.’* माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. एफआयआर नोंदवायला त्यांची वाट पाहावी लागत नाही.
- *‘आधी चौकशी करतो.’* हे मात्र कायद्यात बसतं. ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारा आणि पंधराव्या दिवशी जा.

तक्रार मेलनेही पाठवता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ मधलं एखादं कलम असेल तर स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते. घेतल्याशिवाय निघू नका, आणि निघण्याआधी ६७ किंवा ६७-ए त्यात आहे का ते वाचा.

सरळ नकार मिळाला तर अर्जाची प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही काही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज. इथे वकील लागतो, पण स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नंबर १५१००.

## टप्पा ६: १८० दिवसांचं घड्याळ

२०२१ च्या नियमांप्रमाणे हटवलेला मजकूर आणि त्यासोबतची माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असते. त्यानंतर ती टिकेल याचा भरवसा धरू नका. कोणत्या आयपी पत्त्यावरून आणि नंबरवरून खातं चालवलं, ही गुन्हेगारापर्यंत नेणारी माहिती याच साठ्यात असते आणि ती पोलिसांनी मागितली तरच मिळते. म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा: कंपनीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची (माहिती सादर करण्याची) नोटीस गेली का, कोणत्या तारखेला? प्रश्न नम्रपणे विचारा, पण दर पंधरवड्याला विचारा. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

फोटो पुन्हा कुठे दिसला तर नवा गुन्हा नोंदवायला धावू नका. टप्पा २ प्रमाणे पुरावा घ्या, कंपनीकडे तक्रार करा आणि त्याच एफआयआरमध्ये पुरवणी जबाब द्या. फोटो अनेक साइटवर वारंवार चढत असेल तर दिवाणी न्यायालयातून अनोळखी प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो. त्याला जॉन डो किंवा ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात.

तुमचा फोन तपासासाठी घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) बरोबर आहे का ते तिथेच पाहा. फोन देण्याआधी सिमकार्ड काढू द्यायची विनंती करा, नाहीतर बँकेचे ओटीपी अडकतात. काम झाल्यावर तो परत मिळवायला न्यायालयात मुद्देमाल परतीचा अर्ज करावा लागतो, ठाण्यातून आपोआप परत येत नाही.